ऑनलाइन दुकान आहे, पण गुगलवर दिसत नाही? प्रॉडक्ट पेजमध्ये काय बदलायचं, समजून घ्या

नगर शहराला खेटून असलेल्या भिंगारमधल्या एका घरगुती मसाला उद्योगाने वेबसाइट सुरू केली, असं समजा. इन्स्टाग्रामवर रील चालली, की चार ऑर्डर येतात. रील थंडावली, की ऑर्डरही थांबतात. गुगलवर 'येसर मसाला' शोधणाऱ्याला मात्र हे दुकान सापडतच नाही. मोठ्या ॲपवर माल विकायचा, तर काही ठिकाणी कमिशन द्यावं लागतं. मग करायचं काय?

याचं एक उत्तर म्हणजे एसईओ, म्हणजेच सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन. सोप्या शब्दांत, आपलं पेज कशाबद्दल आहे हे गुगलला आणि ग्राहकाला स्पष्ट कळेल अशी त्याची मांडणी करणं.

लोक काय टाइप करतात?

सुरुवात इथून करा. कुणी 'येसर' लिहितं, कुणी 'येसूर'. कुणी मराठीत शोधतं, कुणी इंग्रजी अक्षरांत. पेजचं टायटल नुसतं 'स्पेशल मसाला' असेल, तर त्यातून काहीच कळत नाही. 'घरगुती येसर मसाला, २०० ग्रॅम' असं लिहिलं, तर वस्तू आणि वजन दोन्ही समजतं. दुसरं स्पेलिंग वर्णनात सहज येऊ द्या. एकच शब्द वीस वेळा कोंबू नका, गुगल त्याला स्पॅम मानतं. आणि कोडमध्ये लपवलेल्या कीवर्डच्या यादीवर वेळ घालवू नका. रँकिंगसाठी ती वापरत नसल्याचं गुगलने २००९ मध्येच जाहीर केलंय.

अहमदनगर की अहिल्यानगर?

ऑक्टोबर २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झालं. पण सवयीने अनेक जण अजूनही जुनंच नाव टाइप करतात, कुणी नुसतं 'नगर' म्हणतं. त्यामुळे पत्त्यात 'भिंगार, अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर)' असं लिहिणं सोयीचं.

इथे एक धोका आहे. नाव बदललं म्हणून पेजची लिंकही घाईने बदलली, तर व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जुन्या लिंक बंद पडतात. लिंक बदलायचीच असेल, तर जुन्या लिंकवर ३०१ रीडायरेक्ट लावा. म्हणजे ग्राहक आपोआप नव्या पेजवर पोहोचतो आणि नवा पत्ता कोणता, हे गुगललाही कळतं.

वर्णन स्वतःचं लिहा

दहा दुकानांवर असलेला मजकूर कॉपी केला, तर गुगलने तुमचंच पेज वर का दाखवावं? मसाल्यात काय आहे, तिखट किती, आमटीला किती चमचे लागतो, किती दिवस टिकतो, हे लिहा. फोनवर ग्राहक जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं म्हणजेच चांगलं वर्णन.

फोटो आणि वेग

मोबाइलने काढलेले जड फोटो तसेच चढवले, तर पेज रखडतं. पेजवरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असा गुगलचा निकष आहे. म्हणून फोटो कॉम्प्रेस करा. प्रत्येक फोटोला 'ऑल्ट टेक्स्ट', म्हणजे त्यात काय दिसतंय याचं छोटं वर्णन द्या. दृष्टिहीन ग्राहकांच्या स्क्रीन रीडरलाही ते उपयोगी पडतं.

किंमत, साठा आणि रिव्ह्यू

'स्ट्रक्चर्ड डेटा' नावाचा कोड पेजवर असेल, तर किंमत, साठा आणि रेटिंग थेट सर्चमध्ये दिसू शकतं. दुकानाच्या अनेक तयार सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते. माल तात्पुरता संपला, तर पेज डिलीट करू नका, 'सध्या उपलब्ध नाही' असं लिहा.

रिव्ह्यू मात्र खरेच हवेत. ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक आणलंय.

पैसे देण्याआधी

गुगलचं 'सर्च कन्सोल' मोफत आहे. लोक कोणते शब्द शोधून तुमच्यापर्यंत आले, हे त्यात दिसतं. महिन्यातून एकदा ते पाहा आणि त्यानुसार पेज सुधारा. काही बदलांचा परिणाम काही दिवसांत दिसतो, काहींना महिने लागतात.

आणि 'पहिल्या नंबरवर आणून देतो, गॅरंटी!' असा फोन आला, तर सावध व्हा. अशी हमी कुणीच देऊ शकत नाही, हे खुद्द गुगलच सांगतं. ते पैसे चांगल्या फोटोंवर खर्च केलेले बरे.