साडेसातची शाळा आणि लेकराची झोप

निपाणीत आमच्या घरी रोज सकाळी सहाला दोन भाषांत एकच युद्ध चालतं. सासूबाई ‘एळो, होत्तातु’ म्हणत पांघरूण ओढतात, मी दुधाचा पेला घेऊन ‘ऊठ रे सोन्या’ करते. तिसरीतले चिरंजीव डोळे मिटूनच दात घासतात आणि रिक्षात बसले की पुन्हा पेंगतात. शाळा साडेसातची!

माझी धाकटी बहीण कागलला असते. मध्ये कोगनोळी नाका, पलीकडे महाराष्ट्र. तिची मुलगीही तिसरीत, पण शाळा नऊची. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेसाठी शाळेच्या वेळा बदला, असं सुचवलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या शिक्षण खात्यानं चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका, असं कळवलं. मी बहिणीला म्हटलं, ‘मजा आहे तुमची.’ तर म्हणते, ‘कसली गं ताई! आता कार्टी अकरापर्यंत टीव्हीसमोर.’

मला हे सुचलं ते पोराचं पोट सुटायला लागलं म्हणून. आमच्या ह्यांच्या घरात साखर आणि हृदयविकार दोन्ही. बालरोगतज्ज्ञांनी वजन, कमरेचा घेर, रक्तदाब बघितला. आता खाण्यावरून बोलणी बसणार, असं वाटलं. पण पहिला प्रश्न आला, ‘झोपतो किती?’ मी बोटांवर मोजलं. साडेदहा ते सहा, साडेसात तास. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास हवेत, असं अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संस्थेनं २०१६ मध्येच सांगितलंय.

बॉस्टन भागातल्या ८२९ किशोरवयीन मुलांच्या मनगटाला यंत्र बांधून झोप मोजली गेली. २०१८ मध्ये निष्कर्ष आले. जास्त आणि सलग झोपणाऱ्यांचा कमरेचा घेर कमी, वरचा रक्तदाब कमी, चांगलं कोलेस्टेरॉल जास्त. झोपेनंच हे घडलं, असं त्यावरून सिद्ध होत नाही. पण संबंध स्पष्ट दिसला. शिकागोत २००४ मध्ये बारा तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तर भूक वाढवणारं संप्रेरक वाढलं, पोट भरल्याचं सांगणारं घटलं. शिवाय गाढ झोपेत रक्तदाब उतरतो, हृदयाला तेवढीच उसंत.

‘आमचं पोरगं तर काडी आहे’ म्हणून निर्धास्त असणाऱ्या आयांनो, जरा थांबा. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत केलेल्या अभ्यासात आपली बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनानं बरीच कमी, पण अंगात चरबी मात्र राखून असलेली आढळली. बारीक दिसणं म्हणजे सुटका नव्हे.

आमच्याकडे खरी अडचण टीव्हीची नव्हतीच. ह्यांचं दुकान साडेनऊला बंद होतं आणि पोरगं बाबांची वाट बघत जागतं. झोपेपायी बाप तोडायचा का? डोळ्यांत पाणी आलं माझ्या. शेवटी सासूबाईंनीच तोडगा काढला. आता हे आठला अर्धा तास घरी येतात, बापलेक एका ताटात जेवतात, तोवर गल्ल्यावर मामंजी बसतात. पावणेनऊला दिवा बंद, आजीचं ‘मलको, मलको’ सुरू. बाजारच्या दिवशी मात्र अजूनही दहा वाजतातच.