सर्व्हर जळाला तरी हिशेब वाचतो, पण टेप नीट लावली तर!

दूध संघ असो की पतसंस्था, आता सगळा हिशेब संगणकात. उद्या वीज पडली, व्होल्टेज वाढलं किंवा व्हायरसने फायली कुलूपबंद केल्या, तर सभासदांच्या ठेवी आणि कर्जाचे आकडे कुठून काढायचे? त्यासाठी बॅकअप. मोठ्या डेटा सेंटरमध्ये तो आजही चुंबकीय टेपवर घेतात. गाण्याच्या कॅसेटची ही थोरली बहीणच म्हणा. फेब्रुवारी २०११ मध्ये सॉफ्टवेअरच्या दोषामुळे काही लोकांची जीमेल खाती रिकामी झाली. गुगलने ठिकठिकाणी ठेवलेल्या प्रतीही त्यात गेल्या. मेल परत आले ते टेपवरून.

कारण साधं आहे. ड्राइव्हमधून काढून कपाटात ठेवलेल्या टेपला ना वीज लागते, ना तिथं व्हायरस पोहोचतो. सध्या एलटीओ जातीची टेप चालते. एलटीओ-८ च्या तळहाताएवढ्या कॅसेटमध्ये ९६० मीटर पट्टी आणि १२ टेराबाइट जागा असते. ड्राइव्हची किंमत मात्र लाखांत जाते. छोट्या संस्थेने काढून ठेवता येणारी हार्ड डिस्क वापरली तरी भागतं.

युनिक्स किंवा तिच्याच वळणाच्या लिनक्स सर्व्हरला ड्राइव्ह जोडणं अवघड नाही. सर्व्हर बंद करून कार्ड बसवायचं, केबल लावायची, आधी ड्राइव्ह सुरू करायचा आणि मग सर्व्हर. लिनक्सने ड्राइव्ह ओळखला की 'डेव्ह' फोल्डरमध्ये दोन नावं दिसतात, एसटी-० आणि एनएसटी-०. ड्राइव्ह एकच, नावं दोन. खरा घोळ इथंच होतो.

ही एसटी म्हणजे 'स्कझी टेप', आपली लालपरी नव्हे. पण लक्षात ठेवायला लालपरीच बरी. एसटी-० नावाने लिहिलं की काम संपताच टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते, गाडी फेरी संपवून डेपोत परतावी तशी. एनएसटी-० ही मुक्कामी गाडी, थांबली तिथंच राहते. समजा सोमवारी ठेवींचा बॅकअप एसटी-० वर घेतला आणि मंगळवारी त्याच टेपवर कर्जखात्यांचा. मंगळवारचा थेट सोमवारच्या डोक्यावर लिहिला जातो, आणि स्क्रीनवर चूक म्हणून एक अक्षर येत नाही! एका टेपवर एकामागून एक बॅकअप ठेवायचे तर एनएसटी-० च वापरावी लागते.

लिहिण्याचं काम 'टार' करतो. हा प्रोग्राम १९७९ च्या युनिक्समधला, नावातच टेप आहे. टेप पुढं-मागं नेण्यासाठी 'एमटी'. आधी एमटीला स्थिती विचारायची, टेप आत आहे का, तिचं लिहिण्याचं कुलूप उघडं आहे का. दिवसाचा हिशेब बंद झाल्यावरच टार चालवायचा, नाहीतर अर्धवट नोंदी टेपवर जातात. मग टेप गुंडाळून यादी वाचून बघायची.

यादी दिसली म्हणजे झालं, असं अनेक जण समजतात. तेवढ्याने भागत नाही. महिन्यातून एकदा तरी टेपवरचा डेटा वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवून दोन-चार खाती ताडून पाहावीत. इथं एक सावधगिरी: जुन्या युनिक्सवरचा टार फायलीचा पूर्ण पत्ता जसाच्या तसा धरतो. त्यामुळे तपासायला म्हणून उतरवलेला जुना हिशेब चालू हिशेबावर जाऊन बसू शकतो. म्हणून बॅकअप घेतानाच त्या फोल्डरमध्ये जाऊन अर्धा पत्ता द्यावा. वार्षिक सभेत लाभांशाबरोबर सभासदांनी हेही विचारावं, की बॅकअप शेवटचा उतरवून कधी पाहिला, तारीख सांगा.

टेप सर्व्हरच्याच खोलीत ठेवू नये, आग दोन्हीला लागते. ऊन, धूळ, ओल यापासून ती लांब हवी. आणि ड्राइव्ह बदलताना पिढी बघावी. एलटीओ-८ चा ड्राइव्ह एलटीओ-७ ची टेप वाचतो, एलटीओ-६ ची वाचत नाही. जुना ड्राइव्ह भंगारात देण्याआधी कपाटातल्या टेपा कुठल्या पिढीच्या आहेत ते तपासून घ्यावं.