सोबत्यांचा खर्च (लेखांक ४) : जोयड्याहून दवाखाना किती लांब?

गेल्या आठवड्यात आपण मुंबईत महालक्ष्मीला 2024 साली सुरू झालेलं टाटांचं प्राण्यांचं रुग्णालय पाहिलं. 165 कोटी रुपयांचं, दोनशेवर खाटांचं. आज अगदी दुसऱ्या टोकाला जाऊ. जोयडा हा क्षेत्रफळाने उत्तर कन्नडातला सर्वांत मोठा तालुका, पण वस्ती विरळ आणि भोवती काळी व्याघ्र प्रकल्पाचं रान. इथल्या कुणब्याच्या दारातलं कुत्रं राखणीचं असतं आणि लाडकंही.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याची घडणच गाई-म्हशींसाठी झालेली: लाळ्या-खुरकुताच्या लसी, कृत्रिम रेतन, अडलेली गाय. तिथले डॉक्टर कुत्र्यालाही तपासतात. पण एक्स-रे, सोनोग्राफी म्हटलं की धारवाड गाठा, नाहीतर रामनगरहून बेळगाव. शहरात तपासण्यांनी बिल फुगतं. इथे त्याआधीच गाडीभाडं आणि बुडालेला रोज अंगावर पडतो. मग माणूस थांबतो, दोन दिवस बघू म्हणतो. खर्च खरा वाढतो तो इथे.

गोचीडतापाचंच घ्या. रानात फिरणाऱ्या कुत्र्याला गोचिड्या लागणारच. त्यांच्यातून आलेले जीवाणू रक्तातल्या पांढऱ्या पेशींत शिरतात. कुत्रं सुस्तावतं, खाणं सोडतं, ताप चढतो. या टप्प्यावर डॉक्सीसायक्लिन हे जुनं, स्वस्त औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने साधारण चार आठवडे दिलं की बहुतेक कुत्री उठतात. दिवस गेले की प्लेटलेट घसरतात, नाकातून रक्त येतं. मग सलाईन, वारंवार रक्ततपासणी, कधी दुसऱ्या कुत्र्याचं रक्त चढवणं. रोग तोच, पण बिल हजारांत.

सरकारी करांचं म्हणाल तर पशुवैद्यकीय दवाखान्याच्या उपचारांवर जीएसटी नाही. औषधांवरचा 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आला. पाकिटातल्या श्वानखाद्यावर 18 टक्के कायम आहे. भात-कालवणावर वाढलेल्या जोयड्याच्या कुत्र्याला त्याची झळ नाही, एवढंच बरं!

लसीचा खर्च मात्र टाळू नये, आणि इथे तो फक्त घरचा प्रश्न नाही. 2018 साली गीरमध्ये डिस्टेंपर या विषाणूजन्य रोगाच्या साथीत सिंह दगावले. तो विषाणू कुत्र्यांतही फिरतो. काळीच्या रानात कोळसुंदे म्हणजे रानकुत्री आहेत, आणि गावची कुत्री त्याच वाटांनी हिंडतात. शेजारच्या गोव्याने कुत्र्यांना सातत्याने रेबीजची लस टोचून 2021 मध्ये ‘रेबीज-नियंत्रित क्षेत्र’ हा दर्जा मिळवला. काळीचं रान तर गोव्याच्या जंगलाला लागूनच आहे.

तेव्हा पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस टोचा, पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. 28 सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाच्या सुमारास मोफत शिबिरं होतात. तुमच्या भागात कधी आहे, ते दवाखान्यात आधीच विचारून ठेवा. पुढच्या लेखांकात पाळीव प्राण्यांच्या विम्याबद्दल.