कर्करोग संशोधकाचे लेखन आणि संदर्भनिर्देशांचे मोजमाप : डॉ. व. रा. खानोलकर यांच्या कार्याच्या अनुषंगाने

प्रस्तावना

संशोधकाने किती शोधनिबंध लिहिले आणि ते इतरांनी किती वेळा उद्धृत केले, या दोन आकड्यांवरून आज त्याच्या कार्याचे मूल्य ठरविले जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांत नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरनुसार वाढीव गुणांची तरतूद झाली आणि ही मोजणी महाविद्यालयीन अध्यापकांच्या पदोन्नतीशी जोडली गेली. हे आकडे काय सांगतात व काय सांगत नाहीत, हे डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५-१९७८) यांच्या कर्करोगविषयक संशोधनाच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

मोजमापाची साधने

यूजीन गारफील्ड यांनी १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ नियमितपणे प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. एखाद्या निबंधाचा उल्लेख पुढे कोणकोणत्या निबंधांत झाला, हे त्यामुळे शोधता येऊ लागले. इम्पॅक्ट फॅक्टर ही त्याच परंपरेतील संकल्पना होय. मागील दोन वर्षांतील लेखांना चालू वर्षी सरासरी किती संदर्भनिर्देश लाभले, हे त्यावरून समजते. म्हणजे तो नियतकालिकाचा गुण आहे, लेखकाचा नव्हे. २००५ मध्ये जॉर्ज हिर्श यांनी एच-निर्देशांक सुचविला. ज्या संशोधकाच्या दहा निबंधांना प्रत्येकी किमान दहा संदर्भनिर्देश लाभले आहेत, परंतु अकरा निबंधांना प्रत्येकी अकरा लाभलेले नाहीत, त्याचा एच-निर्देशांक १० होय. मोजके पण मूलगामी लिहिणाऱ्याला या पद्धतीत उंच जाता येत नाही, कारण हा निर्देशांक एकूण निबंधसंख्येच्या पुढे जाऊच शकत नाही.

खानोलकरांचे संशोधन

१९४१ मध्ये मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळांची धुरा खानोलकरांकडे आली. १९४४ मध्ये ‘कॅन्सर रिसर्च’ या नियतकालिकात मुंबईतील मुखकर्करोगाच्या लागोपाठच्या १००० रुग्णांचा आढावा घेणारा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची उभारणीही त्यांच्याच नेतृत्वाखाली झाली. पुढे १९५५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये संघवी, राव व खानोलकर यांचा निबंध आला. तंबाखू ओढणे व चघळणे या दोन्ही सवयींचा अन्नमार्गाच्या वरच्या भागातील कर्करोगाशी असलेला संबंध त्यात तपासला होता. रुग्णांच्या सवयींची तुलना हा रोग नसलेल्यांच्या सवयींशी करण्याची पद्धत त्यासाठी अवलंबिली होती. पाश्चात्य संशोधकांचे लक्ष त्या काळी प्रामुख्याने सिगारेट व फुप्फुसाच्या कर्करोगाकडे होते. विडी आणि विड्यातील तंबाखू हा प्रश्न येथील संशोधकांनाच हाती घ्यावा लागणार होता.

आकड्यांत न मावणारा प्रभाव

या कार्याचे मोजमाप करताना दोन अडचणी येतात. पहिली काळाची. १९४४ चा निबंध संदर्भसूचीच्या जन्माआधी वीस वर्षे प्रसिद्ध झाला. त्याच्या आरंभीच्या प्रभावाची नोंद ठेवणारी यंत्रणाच तेव्हा नव्हती. दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी दाखविल्याप्रमाणे, एखादा निष्कर्ष सर्वमान्य झाला की त्याच्या मूळ कर्त्याचा उल्लेख करणे थांबते. तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग होतो, असे लिहिताना आज कोणी खानोलकरांचा आधार देत नाही. शिवाय, लिऑं येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ मध्ये तंबाखूयुक्त विडा चघळणे मानवास कर्करोगकारक असल्याचे घोषित केले. तेव्हापासून नवा संशोधक मूळ निबंधाऐवजी त्या संकलनाचाच आधार देऊ शकतो. २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा, २००९ पासून वेष्टनावर आलेली सचित्र सूचना, २०१२ ची महाराष्ट्रातील गुटखाबंदी या साऱ्यांमागे अशा संशोधनाची परंपरा उभी आहे. पण वेष्टनावरील सूचनेला तळटीप नसते.

याचा अर्थ संदर्भनिर्देश निरुपयोगी आहेत असा नव्हे. एका निबंधापासून विचार पुढे कोठे गेला, हे शोधण्याचे ते उत्तम साधन आहे. मात्र वाट दाखविणाऱ्या साधनाला तराजू मानले की घोटाळा होतो.

समारोप

२०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे आकारास आलेल्या जाहीरनाम्याने व्यक्तीचे मूल्यमापन नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून करू नये, असे बजावले. २०१५ च्या लायडन जाहीरनाम्यातील दहा तत्त्वांपैकी एक तत्त्व स्थानिक महत्त्वाच्या उत्कृष्ट संशोधनाचे रक्षण करावे, असे सांगते. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यातील अध्यापकांच्या दृष्टीने हे तत्त्व विशेष मोलाचे आहे. कोकणातील मिश्री लावण्याच्या सवयीवर मराठीतून लिहिलेल्या काटेकोर अभ्यासाला संदर्भनिर्देश थोडेच लाभतील. परंतु आरोग्यसेविकेच्या हाती तो अभ्यास पडल्यास त्याचा उपयोग थोडा नसेल. २०२५ मध्ये आयोगाने यूजीसी-केअर यादी बंद केल्याने नियतकालिकांची पारख करण्याची जबाबदारी आता संस्थांवर आली आहे. अशा वेळी निवड समित्यांनी संशोधकाकडून आकड्यांसोबत त्याचे निवडक तीन-चार निबंध मागवावेत, ते प्रत्यक्ष वाचावेत आणि त्यांमुळे ज्ञानात वा व्यवहारात काय बदलले, हे विचारावे. खानोलकरांच्या कार्याची थोरवी याच प्रश्नाच्या उत्तरातून कळते.