भाकर थापणारे हात

वाढत्या वयात स्नायूंचा आकार घटतो आणि त्यांचे बळ त्याहूनही वेगाने घटते. परभणी जिल्ह्यातल्या घरांत ही घसरण बरेचदा आधी चुलीपाशी दिसते. ज्वारीचे पीठ मळताना तळहाताचा जोर पुरत नाही. भाकरी झाल्यावर उठताना एक हात गुडघ्यावर, दुसरा भिंतीवर जातो. घरचे म्हणतात, वय झालं. संशोधक आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये या अवस्थेला सार्कोपेनिया हे नाव दिले.

स्नायूपेशीतल्या तंतुकणिका ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करतात. त्या कामात थोडा ऑक्सिजन अर्धवट राहून सुपरऑक्साइडसारखे आक्रमक कण बनतात. त्यांना निकामी करणारी विकरे पेशीत असतात. त्यांतले सुपरऑक्साइड डिसम्यूटेज १९६९ मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी ओळखले. तयार होणारे कण आवरणाऱ्या विकरांना भारी पडू लागले की ऑक्सिडीकरणाचा ताण निर्माण होतो. मग प्रथिने आणि पेशीपटले बिघडतात, आकुंचनासाठी लागणाऱ्या कॅल्शियमची ने-आण ढिली पडते, मज्जातंतू आणि स्नायू यांचा सांधा कमजोर होतो. सर्वांत जास्त झळ बसते ती झटकन जोर लावणाऱ्या तंतूंना. तोल गेल्यावर सावरायचे काम याच तंतूंचे, म्हणून म्हातारपणातले पडणे इतके महागात जाते.

डेनहॅम हार्मन यांनी १९५६ मध्ये वार्धक्याचे मूळच या आक्रमक कणांत शोधले होते. पुढे चित्र गुंतागुंतीचे झाले. व्यायामात तयार होणारे थोडे कण स्नायूला बळकट होण्याचा निरोप देतात. जर्मनीतल्या २००९ च्या एका प्रयोगात तरुणांना व्यायामाबरोबर क आणि ई जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या, तेव्हा व्यायामाने इन्शुलिनचे जे काम सुधारायला हवे होते, ते सुधारलेच नाही. ‘अँटिऑक्सिडंट’ असा शिक्का असलेल्या बाटलीवर म्हाताऱ्या माणसाची पेन्शन खर्च होऊ नये, हे इथे ठासून सांगायला हवे.

अन्नाची गोष्ट वेगळी. पेशीद्रवातल्या सुपरऑक्साइड डिसम्यूटेजला तांबे आणि जस्त लागते. यातले जस्त ज्वारीतूनही मिळते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेबरोबर तयार केलेले ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचे वाण २०१८ मध्ये आले. नेहमीच्या ज्वारीत किलोमागे सुमारे ३० मिलिग्रॅम लोह आणि २० मिलिग्रॅम जस्त असते. या वाणात ते सुमारे ४५ आणि ३२ आहे. मात्र एवढ्यावर स्नायू उभा राहत नाही. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन कमी असते आणि ती उणीव तुरीच्या वरणाने भरून निघते. ज्येष्ठांना शरीराच्या दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने घ्यायला सांगतात. दात गेले म्हणून भाकर नुसत्या पातळ आमटीत कुस्करून खाणाऱ्याचे पोट भरते, पण प्रथिने तेवढी मिळत नाहीत. घट्ट वरण, दही, अंडे त्या ताटात हवे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

बळ किती उतरले, याचे मोजमाप साधे आहे. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार पुरुषाची पकड २८ किलोपेक्षा, स्त्रीची १८ किलोपेक्षा कमी भरली, तर बळ घटले असे धरतात. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून पाच वेळा उठून बसायला १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर तोही इशाराच.

खुरपणी आणि कापूस वेचणीने दम टिकतो, पण झटक्याच्या तंतूंना त्याहून जड भार लागतो. म्हणूनच जन्मभर रानात राबलेल्या माणसाचेही बळ उतरते. बोस्टनमध्ये नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त ज्येष्ठांकडून आठ आठवडे पायांनी वजने उचलून घेतली. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्यांच्या पायांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. घरात याची सुरुवात भिंतीला टेकलेल्या खुर्चीवरून सावकाश उठण्या-बसण्याने होते. पुढे पाण्याने भरलेली बाटली हातात घेऊन भार हळूहळू वाढवता येतो. पहिले काही दिवस शेजारी कोणीतरी उभे असावे.