पोच

१३ नोव्हेंबर २०२४. आदल्या दिवशी कार्तिकी एकादशी झालेली. सकाळी साडेआठला जुळे सोलापुरातल्या माझ्या घरी बाप-लेक आले. दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका गावातून पहिल्या एस.टी.नं निघाले होते. मुलीच्या हातात बटणाची प्लास्टिकची फाईल. वडील खुर्चीच्या कडेवर टेकले आणि पाण्याचा तांब्या पुढे केला तरी तो न घेता म्हणाले, "सर, कागदच देईनात की ओ. वर्षाची सगळी फी भरा, मग न्या म्हणायलेत."

मी वकील नाही. एका महाविद्यालयाच्या कार्यालयात एकतीस वर्षं नोकरी केली, शेवटची काही वर्षं अधीक्षक म्हणून. निवृत्तीनंतर शेजारच्या मुलाला एक अर्ज लिहून दिला. त्याला त्याची गुणपत्रिका परत मिळाली आणि तेव्हापासून महिन्याला दोन-चार मुलं येतात. पैसे घेत नाही. काम एवढंच की मुलांचं म्हणणं तारखेनिशी कागदावर आणायचं आणि त्या कागदाची पोच त्यांच्या हातात पडेल असं पाहायचं.

पहिला तास आम्ही काहीच लिहीत नाही. फाईल टेबलावर रिकामी करतो आणि कागद तारखेप्रमाणे मांडतो. त्या मुलीचे कागद असे होते: जुलैमधली बेचाळीस हजारांची पावती, एका विनाअनुदानित महाविद्यालयाच्या बी.एस्सी.ची. मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला जमा केल्याची साधी चिठ्ठी, तिच्यावर शिक्का नाही. मग ऑक्टोबरमध्ये औषधनिर्माणशास्त्राच्या फेरीत लागलेल्या जागेचं पत्र. तिकडे जायचं कारण वडिलांनीच सांगितलं. राज्य सरकारनं ८ जुलै २०२४च्या निर्णयानं व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत फेरीतून जाणाऱ्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास घटकांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ केलं होतं. "तिकडं पोरीची फी माफ होती, सर. म्हणून म्हटलं जाऊ दे."

२५ ऑक्टोबरला, शुक्रवारी, ती प्रवेश रद्द करायला कार्यालयात गेली. तिला सांगितलं गेलं, "दिवाळीनंतर या." १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन, ३ला भाऊबीज, मग सुट्या. ती परत गेली तेव्हा उत्तर बदललेलं होतं: मुदत संपली.

कुठली मुदत? इथे मी माझ्या छापील कागदांचा गठ्ठा काढतो. विद्यापीठ अनुदान आयोगाची ऑक्टोबर २०१८ची फी परताव्याची अधिसूचना त्यात सर्वांत वर असते, कोपरे दुमडलेली. तिच्यातला हिशोब सरळ आहे. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत. त्यातून फार तर ५ टक्के, तेही ५,००० रुपयांच्या आत, कापता येतात. १५ दिवसांहून कमी उरले असतील तर ९० टक्के. शेवटच्या तारखेनंतर १५ दिवसांच्या आत ८० टक्के, ३० दिवसांच्या आत ५० टक्के, त्यानंतर शून्य. लेखी अर्ज आल्यापासून १५ दिवसांत पैसे परत करायचे. मूळ कागदपत्रं तर ठेवूनच घ्यायची नाहीत; पडताळून, साक्षांकित प्रती घेऊन, तिथल्या तिथे परत द्यायची.

त्या वर्षासाठी आयोगानं याहून मोठी सवलत दिली होती. ३० सप्टेंबर २०२४पर्यंत रद्द केलेल्या प्रवेशाची पूर्ण फी परत, ३१ ऑक्टोबरपर्यंत फार तर १,००० रुपये कापून बाकी परत. मी वहीच्या पानावर दोन आकडे लिहून मुलीपुढे सरकवले. तिनं २५ ऑक्टोबरला प्रवेश रद्द करायला सांगितलं असं धरलं, तर ४१,००० रुपये. आज, १३ नोव्हेंबरला सांगतेय असं धरलं, तर तिच्या अभ्यासक्रमाची प्रवेशाची शेवटची तारीख सप्टेंबरातच उलटलेली असल्यामुळे शून्य. बाप-लेक दोघंही त्या पानाकडे बघत राहिले. एक्केचाळीस हजार रुपये आणि शून्य यांच्या मध्ये "दिवाळीनंतर या" एवढे दोनच शब्द होते.

"त्या दिवशी काही लिहून दिलं होतंस?"

"नाही, सर. तोंडीच बोलले." मग जरा थांबून म्हणाली, "पण रात्री मेसेज केला होता."

तिनं मोबाईल पुढे केला. २५ ऑक्टोबर, रात्री आठ वाजून बारा मिनिटं, कार्यालयातल्या प्रवेशाच्या क्रमांकावर: 'सर, आज ऑफिसला आले होते. मला ॲडमिशन रद्द करायचे आहे. दिवाळीनंतर या म्हणाले. फी आणि ओरिजिनल पाहिजेत.' खाली दोन निळ्या खुणा आणि समोरून एक शब्दाचं उत्तर: 'ओके.' मी तिला लगेच त्याची छायाप्रत काढून आणायला पाठवलं. क्रमांक, तारीख, वेळ, सगळं दिसेल अशी.

आमच्याकडे लोक सरसकट म्हणतात, "ते धंदा करायला बसलेत, त्यांच्यापुढं आपलं काय चालणार." मुलांना मी आधी हे सांगतो की कायद्याच्या लेखी महाविद्यालय हा धंदा नाही. आपल्याकडची बहुतेक खासगी महाविद्यालयं नोंदणीकृत न्यासांची आहेत, धर्मादाय आयुक्तांच्या कक्षेतली. १९८३मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. त्यातून महाराष्ट्रातल्या लाखो पोरांना शिकता आलं, आणि डोनेशनही त्याच वाटेनं आलं. म्हणून १९८७मध्ये राज्यानं कॅपिटेशन फी बंदीचा कायदा केला. २००२मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी सांगितलं की संस्थेला स्वतःची फी ठरवता येईल, वाढीसाठी वाजवी शिल्लकही ठेवता येईल, पण नफेखोरी करता येणार नाही. २००५च्या इनामदार खटल्यात, जो महाराष्ट्रातूनच गेला होता, सात न्यायमूर्तींनी तेच अधिक ठामपणे मांडलं. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी राज्याचा २०१५चा कायदा आहे. त्याखालचं शुल्क नियामक प्राधिकरण प्रत्येक विनाअनुदानित महाविद्यालयाची फी अभ्यासक्रमानुसार ठरवून देतं. माझ्याकडे येणारी दहांतली आठ मुलं तो आकडा कधी बघितलेलीच नसतात. पावती आणि तो आकडा शेजारी ठेवला की पुष्कळदा पुढची चर्चाच बदलते.

मग अर्ज. त्या मुलीनं घरून दोन पानांचा लिहून आणला होता. 'आमची परिस्थिती अत्यंत गरिबीची असून वडील शेतमजुरी करतात, तरी आपण मोठ्या मनाने...' अक्षर सुंदर होतं. मी ते वाचलं आणि बाजूला ठेवलं. तिला सांगितलं, "बाळ, यातलं सगळं खरं आहे. पण गरिबी हा तुझ्या मागणीचा आधार नाही. श्रीमंताच्या मुलीलाही हे कागद याच नियमानं मिळायला हवेत. तू मेहेरबानी मागत नाहीयेस."

नवा अर्ज एका पानात बसला. वर उजवीकडे तारीख. 'विषय: प्रवेश रद्द करून मूळ कागदपत्रे व फी परत मिळणेबाबत.' मग क्रमांक घालून एकेक गोष्ट: कधी प्रवेश घेतला, किती भरले, पावतीचा क्रमांक, २५ ऑक्टोबरला कुठे गेले, काय सांगण्यात आले, त्याच रात्रीचा मेसेज आणि त्याचं उत्तर. अमुक नियमाप्रमाणे ४१,००० रुपये, गुणपत्रिका आणि दाखला परत मिळावा, उत्तर लेखी मिळावं. खाली सोबत जोडलेल्या प्रतींची यादी. कुणाला नावं ठेवलेली नाहीत, धमकी नाही. मूळ पावती कधीच जोडायची नाही; ती घरी. अर्जाच्या दोन प्रती.

दुपारी आम्ही तिघं गेलो. मी बाहेर चहाच्या टपरीवर थांबलो; अर्ज तिचा, द्यायचाही तिनंच. पंधरा मिनिटांनी ती बाहेर आली. "साहेबांची सही लागते म्हणतात, ठेवून जा म्हणाले." मी म्हटलं, "सही नको म्हणावं. आवक क्रमांक आणि शिक्का द्या. नाही दिला तर हाच अर्ज स्पीड पोस्टानं आणि ई-मेलनं पाठवते, असं शांतपणे सांग." ती परत गेली. या वेळी वीस मिनिटं लागली. बाहेर आली तेव्हा दुसरी प्रत दोन्ही हातांत धरलेली. कोपऱ्यात जांभळ्या शाईचा गोल शिक्का, त्यात आवक क्रमांक, तारीख आणि आद्याक्षरं. शाई ओली होती म्हणून ती प्रत तिनं फाईलमध्ये घातली नाही. एस.टी. स्टँडपर्यंत तशीच उघडी धरून नेली.

आठवड्याच्या आत गुणपत्रिका आणि दाखला मिळाला. नव्या ठिकाणी मूळ कागद दाखवायची मुदत संपायला दोन दिवस होते. पैशांबद्दल मात्र काहीच उत्तर नव्हतं.

पुढची पायरी विद्यार्थी तक्रार निवारण समितीची. आयोगाच्या ११ एप्रिल २०२३च्या विनियमांप्रमाणे ती प्रत्येक महाविद्यालयात असायला हवी, तिच्यात एका विद्यार्थ्याला विशेष निमंत्रित म्हणून बसवायला हवं, आणि तक्रार हाती आल्यापासून कामाच्या १५ दिवसांत तिनं अहवाल द्यायला हवा. फी परत न करणं, कागद अडकवणं, माहितीपुस्तकात खोटं छापणं, शिष्यवृत्ती न देणं हे सगळं तक्रारीच्या व्याख्येत आहे. समितीचा निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. त्यांनी ते ३० दिवसांत निकाली काढायचं असतं. लोकपाल म्हणजे निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश. सोलापुरात २००४पासून आपलं स्वतःचं विद्यापीठ आहे, आज ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावानं चालतं. त्याआधी अशा कामाला कोल्हापूर गाठावं लागे. आता केगावपर्यंत गेलं की झालं.

"ग्राहक मंचात टाका" असा सल्ला मुलांना हमखास मिळालेला असतो. तिथे जपून पाऊल टाकावं लागतं. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं जानेवारी २०२०मध्ये ठरवलं की शिक्षण देणाऱ्या संस्था ग्राहक कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. त्यावरचं अपील सर्वोच्च न्यायालयात गेलं. उलट २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच, संलग्नता नसताना ती असल्याची जाहिरात करून मुलांना प्रवेश देणाऱ्या बिहारमधल्या एका दंत महाविद्यालयाविरुद्ध विद्यार्थ्यांच्या बाजूनं निकाल दिला होता. खासगी क्लासचं मात्र तसं नाही. २०२०च्या त्या निर्णयानंही कोचिंग क्लासना या सवलतीबाहेर ठेवलं. जुळे सोलापुरात गल्लोगल्ली नीट आणि जेईईच्या क्लासचे फलक आहेत. तिथे दोन वर्षांची फी एकदम भरून महिन्याभरात बाहेर पडलेल्या मुलांसाठी जिल्हा ग्राहक आयोग उघडा आहे. दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांत जायचं.

सगळं थकलं तर उच्च न्यायालय. पूर्वी त्यासाठी रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडून मुंबईला जावं लागे. १८ ऑगस्ट २०२५पासून कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झालं आणि सोलापूर जिल्हा त्याच्याकडे आला. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं, आणि मुलींना तो उत्पन्नाची अट न लावता मिळतो. १५१०० हा क्रमांक मी प्रत्येक फाईलच्या आतल्या बाजूला लिहून देतो.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त टोचतं ते "दिवाळीनंतर या". कारण ते मीही म्हटलेलं आहे. काउंटरच्या आत बसून वर्षानुवर्षं "उद्या या", "साहेब रजेवर आहेत", "पुढच्या सोमवारी बघू" असं मी मुलांना सांगितलं. मनात पाप नव्हतं; टेबलावर ढीग होता, माणसं कमी होती. पण माझ्या त्या शब्दांनी समोरच्या पोराचा एकेक दिवस जात होता आणि त्याला लेखी द्यायला सांगावं, शिक्का मारून पाठवावं, हे मला सुचत नव्हतं. शिक्का माझ्या हाताशीच असायचा. म्हणून आज मी टपरीवर थांबतो.

डिसेंबरच्या मध्यावर ती मुलगी एकटीच आली. समितीचा निर्णय तिच्या विरुद्ध गेला होता: मेसेज म्हणजे अर्ज नव्हे, लेखी अर्ज १३ नोव्हेंबरचा, सबब फी परत देता येत नाही. मी चष्मा लावून कोरा कागद ओढला, तर तिनं तो माझ्याकडून घेतला. "मी लिहिते, सर. तुम्ही फक्त बघा."

तिनं आधी उजव्या कोपऱ्यात तारीख घातली. मग डावीकडे 'प्रति, मा. लोकपाल'. पहिल्याच मुद्द्यात तिनं मला न सुचलेलं वाक्य लिहिलं: 'मी २५ ऑक्टोबर रोजी कार्यालयात समक्ष हजर होते; मला अर्ज देण्यास सांगण्यात आले नाही.' अपिलाची मुदत संपायला नऊ दिवस होते. तिनं दोन प्रती काढल्या, एक फाईलमध्ये ठेवली आणि दुसरी वर ठेवून म्हणाली, "हिच्यावर शिक्का घेऊन येते."