बोअरचे जड पाणी : कॅल्शियम किती, मॅग्नेशियम किती?

बोअरला पाणी भरपूर लागले, पण साबणाला फेस येईना आणि तुरीची डाळ शिजेना! दुबलगुंडी-हुमनाबादकडील वाचकांना हे नवीन नाही. काळ्या बसाल्ट खडकातून झिरपताना पाणी कॅल्शियम व मॅग्नेशियम घेऊन येते. कॅल्शियममुळे डाळीतील पेक्टिन घट्ट होते. सोडा घातला की डाळ शिजते खरी, पण ब-१ जीवनसत्त्वाची नासाडी होते.

पूर्वी पाणी साबणानेच मोजत. स्कॉटलंडच्या थॉमस क्लार्क यांची ही रीत १८४१ सालची. फेस टिकेपर्यंत किती साबण लागला ते पाहायचे. त्यात दोन्ही क्षार वेगळे कळत नसत.

आज प्रयोगशाळेत ईडीटीए हे रसायन वापरतात. ५० मिलिलिटर पाण्यात अमोनियाचे द्रावण व चिमूटभर रंगद्रव्य टाकले की पाणी द्राक्षारसासारखे लाल होते. मग ब्युरेट नावाच्या काचेच्या नळीतून ईडीटीए थेंब थेंब सोडायचे. शेवटचा लाल छटा जाऊन निळा रंग आला की थांबायचे. समजा २४ मिलिलिटर लागले, तर एकूण जडपणा लिटरला ४८० मिलिग्रॅम. दुसऱ्या नमुन्यात कॉस्टिक सोडा घालतात. त्याने मॅग्नेशियम साक्यासारखे बाजूला पडते व दुसऱ्या रंगद्रव्याने केवळ कॅल्शियम मोजता येते. येथे १४ मिलिलिटर लागले, तर कॅल्शियम ११२ मिलिग्रॅम; उरलेल्या १० मिलिलिटरवरून मॅग्नेशियम सुमारे ४९.

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात जडपणा २००, कॅल्शियम ७५ व मॅग्नेशियम ३० पर्यंत असावे. दुसरे पाणीच नसेल तर अनुक्रमे ६००, २०० व १०० पर्यंत चालते. म्हणजे वरचे पाणी नाइलाजाने पिण्याजोगे.

नुसता ‘एकूण जडपणा’ लिहिलेला कागद घेऊन परतू नका. दोन्ही आकडे मागा. मॅग्नेशियमबरोबर सल्फेटही जास्त असेल तर जुलाब होतात, नव्याने आलेल्या पाहुण्याला तर लवकरच. मुतखड्याचे खापर मात्र सरसकट जड पाण्यावर फोडू नये. उन्हात राबून पाणी कमी पिणे हे त्याचे मोठे कारण आहे. पाणी उकळले तर जडपणाचा काही भागच तळाशी बसतो, सगळा जात नाही.

नमुना घेताना पंप दहा मिनिटे चालवावा. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी, साबणाने धुतलेली नको. काठोकाठ भरून बूच लावावे, वर विहीर की बोअर ते व तारीख लिहावी.